एकची गाडी चारवर

माझ्या वहिनीला माइकवरून काढलं, हे खरं आहे. उगाच माझ्या पाठीमागे कुजबुजू नका, मोठ्यानं बोला, मला काही लाज वाटत नाही. आता ती स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत बसते आणि गाडी किती वाजता, पाणी कुठे, संडास कुठे, हे सांगते. मोठे साहेब आले, दोन दिवस बसले, आणि लिहून गेले: चुकीची घोषणा, गाडीला चौदा मिनिटं उशीर. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांनी विचारायच्या आधी वहिनीनंच सांगून टाकल्या, ती तसलीच आहे. पण त्या कागदावर जे आलं नाही ते मी सांगणार आहे. मी तिथं होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मध्ये बोलू नका.

वहिनी एकवीस वर्षं स्टेशनवर घोषणा करायची. सगळं गाव तिला माइकबाई म्हणतं. आवाज असा, की चार नंबरच्या टोकाला पेंगलेला माणूससुद्धा उठून आपली पिशवी शोधायला लागायचा. घरीही तीच तऱ्हा. आमचा दादा आंघोळीला गेला की बाहेरून, "आतल्या प्रवाशांनी कृपया लवकर बाहेर यावं!" लग्न होऊन आली तेव्हा मी तिला फार छळलं, खोटं कशाला बोलू. मी एकुलती एक नणंद, नाकावर राग. ती मला कधी उलटून बोलली नाही. फक्त म्हणायची, "वन्सं, आपला राग दहा मिनिटं उशिरानं धावतोय का आज?" मग कसलं भांडण होणार?

तिची खोली एक नंबर फलाटाच्या वर, पहिल्या मजल्यावर. टेबल, माइक, दोन फोन, खडूनं लिहायचा फळा, आणि समोर मोठी काच. काचेतून पूल दिसतो. आमच्या स्टेशनला चार फलाट आणि पूल एकच, तोही अरुंद. तीन माणसं शेजारी चालली की चौथ्यानं कठड्याला चिकटायचं. वहिनीची एक सवय होती. माइकचं बटण दाबलं की ती फळ्याकडे बघायचीच नाही, पुलाकडे बघायची. म्हणायची, "आकडे मला पाठ आहेत. माणसं पाठ नाहीत." तिच्या तोंडून फलाटाचा नंबर गेला की पुढच्या क्षणाला जिन्यावर काय होतं, ते तिला दिसलं पाहिजे. गर्दी असली तर थांबायची, पूल जरा रिकामा झाला की मगच बोलायची.

ही सवय तिला कशी लागली तेही ऐका. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. तिचे वरिष्ठ माइकवर होते, ही शेजारच्या खुर्चीत शिकत होती. त्यांनी गाडी दोनवर सांगितली, लोक पूल चढले. मग सिग्नलच्या केबिनमधून फोन आला की तीनवर येतेय. त्यांनी लगेच नियमाप्रमाणे दुरुस्ती सांगितली. पुढे गेलेले लोक मागे वळले, मागचे अजून वर चढत होते, आणि जिन्याच्या मधोमध दोन्हींची गाठ पडली. अकरा जण दवाखान्यात गेले. दहा परत आले. वहिनीनं त्या दिवशी स्वतःला सांगून ठेवलं, की एकदा तोंडातून गेलेला फलाट परत घ्यायचा नाही. लोक जिथे गेले तिथे गाडी आणायची. लोकांना गाडीमागे पळवायचं नाही.

आता त्या सकाळकडे येते.

वर्षातून एकदा ती मोठी नोकरभरतीची परीक्षा असते. केंद्र तिकडे मोठ्या शहरात. आमच्या आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतली मुलं आमच्याच स्टेशनवरून जातात, सोबत आई, बाप, काका, पाण्याच्या बाटल्या, पिशव्या. नऊ दहाची पॅसेंजर पकडायची, साडेदहाला उतरायचं. अकराला परीक्षेचं दार बंद. अकरा म्हणजे अकरा, अकरा वाजून एक मिनिटाला देव आला तरी आत घेत नाहीत. आमची भाची, म्हणजे वहिनीची मुलगी, त्या वर्षी परीक्षेला बसणार होती. पोरीनं वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला होता. भिंतीवर वेळापत्रक, आरशावर चिठ्ठ्या, जेवताना पुस्तक. आणि वयाची अट अशी, की तिला दोनच वेळा बसता येणार होतं. ही पहिली वेळ.

ही पॅसेंजर आयुष्यभर चार नंबरवर येत आली. म्हणजे नऊशे माणसांनी तो अरुंद पूल चढायचा. वहिनीनं दोन महिने आधीपासून स्टेशनमास्तरांच्या मागे टुमणं लावलं होतं, की परीक्षेच्या दिवशी गाडी एकवर घ्या. एक नंबर म्हणजे दारातून आत आलं की समोरच, पुलाची भानगडच नाही. तीन अर्ज लिहिले. मास्तर वैतागले, मग हसले, मग वरून परवानगी आणली. वहिनी त्या दिवशी घरी आली ती नाचतच. भाचीला म्हणाली, "पोरी, तू एक नंबरच्या बाकावर बसायचंस आणि हलायचं नाहीस. गाडी तुझ्या पायाशी येईल. कुणी काहीही बोललं तरी पूल चढायचा नाही. कळलं?"

सकाळी मी भाचीला स्कूटरवरून सोडायला गेले. स्टेशनात पाऊल टाकलं आणि म्हटलं, बाप रे! एक नंबर खच्चून भरलेला. मी पोरीला बाकावर बसवलं आणि वहिनीचा घरी विसरलेला डबा द्यायला वर खोलीत गेले. नऊ वाजून चार मिनिटं. फळ्यावर तिनं हातभर मोठा एक काढून ठेवला होता, त्याच्याभोवती गोल. मला बघून डोळे मिचकावले, "वन्सं, बघा आता गंमत. एक माणूस पूल चढणार नाही." बटण दाबलं. सवयीनं मान पुलाकडे. आणि एकवीस वर्षांची पाठ झालेली जीभ सुटली:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी पॅसेंजर फलाट क्रमांक चारवर येत आहे."

मी फळ्याकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. तिचा हात अजून बटणावर होता. "वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही चार म्हणालात."

तिनं गर्रकन फळ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाली. मग काचेतून खाली बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई!"

अख्खा एक नंबर उठला होता. बाहेरगावची मुलं ती, त्यांना काय माहीत एक आणि चार? जो आवाज येईल तो खरा. जिन्याच्या तोंडाशी रेटारेटी सुरू झाली. पहिले लोक पुलाच्या मध्यावर पोचलेसुद्धा. फोन खणाणला. मास्तर खालून इतके ओरडत होते की मला फोनच्या बाहेर ऐकू येत होतं.

"माइकबाई, चार म्हणालात?"

"म्हणाले."

"अहो मग दुरुस्ती सांगा ना पटकन! गाडी एकवरच येतेय! सांगा आणि मोकळ्या व्हा!"

वहिनीनं पुलाकडे बघितलं. पूल काठोकाठ. पलीकडे चारवर शंभरएक माणसं उतरलेली. "नाही सांगणार," ती म्हणाली. "आता परत बोलावलं तर जिन्यावर चेंगराचेंगरी होईल. गाडी चारवर घ्या."

"वेड लागलंय का? मार्ग एकचा लावलाय, सिग्नल दिलाय! गाडी बाहेर अडकवावी लागेल, मार्ग मोडायचा, परत लावायचा, पंधरा मिनिटं जातील! कारण काय लिहू मी?"

"माझं नाव लिहा."

"नियमात दुरुस्ती बसते, बाई! दुरुस्ती सांगितलीत तर तुम्हाला कुणी एक शब्द बोलणार नाही!"

"मला बोलू देत," वहिनी म्हणाली. "मास्तर, मी हे एकदा बघितलंय. पाया पडते तुमच्या. चारवर घ्या."

मग मास्तरांनी एक सणसणीत शिवी हासडली, ती वहिनीला नव्हती, नशिबाला होती. आणि म्हणाले, "घेतो." फोन ठेवला.

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, पळा खाली. एकवर राहिलेल्यांना जिन्यावर सोडू नका. आणि कुणी रुळावरून पलीकडे जायला उतरलं तर केस धरून ओढा. तुमच्या रागाचं आज काम आहे."

मी तीन तीन पायऱ्या टाकत उतरले. खाली पोचेपर्यंत डोक्यावर कर्ण्यातून तिचा आवाज सुरू झाला. तिच्या जागी मी असते तर बोबडी वळली असती. ती जेवायला वाढताना बोलावं तशी शांतपणे बोलत होती.

"गाडी अजून आलेली नाही. गाडी स्टेशनच्या बाहेर उभी आहे. तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत ती आत येणार नाही. कुणालाही पळायचं कारण नाही. पुलावरच्यांनी पुढे चालत राहावं, मागे वळू नये. एक नंबरवर जे आहेत त्यांनी आहे तिथेच थांबावं, मी सांगेन तेव्हा निघावं."

बाकावर आमची भाची, जिथे बसवली होती तिथेच! मांडीवर पिशवी, डोळे मोठे. "आत्या, आई चार म्हणतेय. घरी तर एक म्हणाली होती. मी हलले नाही."

"चूक झाली तिची. ऊठ," मी म्हटलं. "जिन्याच्या तोंडाशी उभी राहा, दोन्ही हात पसर, आणि मी म्हणेपर्यंत कुणाला वर सोडू नकोस."

पोरगी उभी राहिली हो! एवढीशी पोर, काडीपैलवान, दोन्ही हात कठड्यांना लावून. समोर दोन-अडीचशे माणसं. कोणी म्हणतंय सोड, कोणी म्हणतंय तू कोण? ही म्हणते, "माइकवरचा आवाज ऐका ना काका, गाडी उभी आहे." आणि माणसं थांबली! मला खरंच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात वर पुलाच्या उतरत्या जिन्यावर एका मुलाची पिशवी फाटली आणि पेनं, बाटली, कागद सगळं घरंगळत गेलं. तो वाकला. त्याच्या पाठीवर मागचा, मागच्याच्या पाठीवर त्याच्या मागचा. कर्ण्यातून लगेच, "पिवळ्या टोपीचा दादा, वाकू नकोस. पेन राहू दे, पेन मी देते. सरळ उभा राहा. कठडा धर. शाब्बास. टोपीच्या मागच्यांनी एक पायरी मागे. फक्त एक. आता त्यांच्या मागच्यांनी एक." अन् ती एक पायरी मागे जाण्याची लाट मी खालून बघितली, पायरीपायरीनं वर सरकत गेली. जिना मोकळा झाला. तो मुलगा चालायला लागला. मी मोठ्यानं ओरडले, "वा वहिनी!" आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले, बघू देत.

मग मला दिसलं की एक मिशीवाला बाप फलाटाच्या कडेला बसून पाय खाली सोडतोय. रुळांवरून सरळ चारवर जायचं होतं त्याला. मी धावले आणि मागून त्याची कॉलर धरली. "कुठे निघालात?"

"सोडा! माझ्या मुलीचं वर्ष जाईल!"

"आणि तुम्ही गेलात तर तिची किती वर्षं जातील? वर या!" मी असा हिसका देऊन ओढलं की शर्टाची दोन बटणं उडाली. तो चिडला, मी त्याहून चिडले. तो म्हणे बटणं, मी म्हणे अक्कल! आमची चांगलीच जुंपली.

वरून वहिनी आता एक नंबरवरचे लोक सोडायला सांगत होती. "दहा जण. आता पुढचे दहा. म्हातारी माणसं आधी." भाची मोजून सोडत होती, एकेकाला हाताला धरून. शेवटचे काहीजण उरले तेव्हा तिनं मला हाक मारली, "आत्या, मी जाऊ आता?" आणि मी काय म्हणाले माहीत आहे? त्या मिशीवाल्याशी भांडत होते ना मी! मान न वळवता म्हणाले, "थांब ग जरा, आधी या आजोबांना ने हात धरून, मग ये परत, हा मिशीवाला आणि त्याची मुलगी राहिलीय." ती आजोबांना पुलाच्या मध्यापर्यंत सोडून परत आली. माझ्या एका शब्दावर परत आली. मग बापलेक गेले. मग ती निघाली.

गाडी चार नंबरवर येऊन उभी होती. सगळे चढत होते. खोलीत काय झालं ते मला मास्तरांनी नंतर सांगितलं. त्यांनी फोन केला, "सोडतोय. मागे एक्स्प्रेस उभी आहे, ही आत्ताच सुटली नाही तर तिला आधी सोडावं लागेल आणि यांना आणखी वीस मिनिटं बसावं लागेल. मग एकालाही दार उघडं मिळणार नाही. सगळे चढले का?"

वहिनीनं काचेतून बघितलं. चार नंबर रिकामा. पूल रिकामा, फक्त मध्यावर एक मुलगी चालत येतेय. जिना उतरून डब्यापर्यंत पोचायला तिला अजून दीड-दोन मिनिटं. मास्तर म्हणाले, "बाई, एक जण दिसतेय पुलावर. कोण आहे? थांबू का?"

वहिनी म्हणाली, "थांबू नका. नऊशे माणसांचा प्रश्न आहे. सोडा." कोण आहे ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मास्तरांनी गाडी धरून ठेवली असती. ते नंतर रडत होते, म्हणाले, मला कळू द्यायचं होतं ना.

गाडीनं शिट्टी दिली आणि हलली. मी खालून बघत होते. भाचीनं पिशवी छातीशी घट्ट धरली आणि पळायला लागली. मी तिला लहानपणापासून ओळखते, ती जिना उड्या मारत उतरली असती आणि चालत्या गाडीचा दांडा धरला असता. वर्षभराचा अभ्यास होता तो! मीही ओरडणार होते, पळ, पळ! खरंच, माझ्या तोंडात तेच आलं होतं.

कर्णे खरखरले. त्या सकाळच्या आधी एकवीस वर्षांत त्या माइकवरून कृपया आणि प्रवाशांनी सोडून दुसरं काही गेलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या स्टेशननं ऐकलं:

"धावू नकोस. ए पोरी, धावू नकोस ग!"

ती थांबली. कठडा धरून पुलावर उभी राहिली. खालून गाडी गेली, एकेक डबा करत, खिडक्यांतून मुलं हात हलवत होती, तो मिशीवाला मला हात हलवत होता. गाडी गेली आणि रूळ रिकामे झाले. एका माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं. नऊशे माणसं! आणि मला आनंदानं ओरडावं की डोकं आपटावं ते कळेना. रस्त्यानं स्कूटर हाणायची म्हटलं तर अडीच तास. वाजले होते नऊ चोवीस.

मी आणि भाची एकदमच वरच्या खोलीत पोचलो. मी वाटेत माझंच चुकलं, माझंच चुकलं म्हणत होते, ती काही ऐकत नव्हती. ती दारात उभी राहिली. श्वास लागलेला, गाल लाल, हातात परीक्षेचं ओळखपत्र. इतकी संतापलेली मी तिला कधी बघितली नव्हती, माझ्यावर गेलीय हो ती.

"घरी म्हणालीस एक," ती ओरडली. "माइकवर म्हणालीस चार. मी तुझं कोणतं खरं धरायचं ग आई?"

वहिनी खुर्चीवरून उठली नव्हती.

"शेवटचं," ती म्हणाली. "धावू नकोस म्हटलं ते."

पोरीनं ओळखपत्र टेबलावर टाकलं आणि आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. वहिनीनं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं चाचपून माइकचं बटण बंद आहे ना ते बघितलं, आणि मग तीही रडली.